एका निवासी संकुलात एईडी: अर्जापासून रात्रीच्या सरावापर्यंत

या प्रकरणातले संकुल नमुन्यादाखल घेतले आहे: १८ मजल्यांच्या ५ इमारती, दोन फाटके, एका टोकाला क्लबहाऊस, त्याला लागून पोहण्याचा तलाव आणि मैदान. संकुलातली अंतरे आणि वेळा या मांडणीवरून काढल्या आहेत. वैद्यकीय आकडे मात्र प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांतले आहेत.

काही रहिवाशांनी व्यवस्थापन समितीला दोन ओळींचा अर्ज दिला: क्लबहाऊसमध्ये एक एईडी, म्हणजे बंद पडलेल्या हृदयाला विजेचा झटका देणारा स्वयंचलित डिफिब्रिलेटर, बसवावा. समितीने तो ‘पुढच्या बैठकीत पाहू’ म्हणून बाजूला ठेवला. अर्जदारांना वाटले, समितीला गांभीर्य नाही. खरी अडचण अर्जातच होती. तो जसाच्या तसा मंजूर झाला असता, तरी संकुलाच्या मोठ्या भागाला त्या यंत्राचा उपयोग झाला नसता.

मिनिटांचा हिशेब

हार्ट अटॅक आणि हृदय अचानक बंद पडणे यांत लोक गल्लत करतात, आणि समितीपुढची चर्चा तिथेच भरकटते. हार्ट अटॅकमध्ये हृदयाची रक्तवाहिनी तुंबते. माणूस बहुतेक वेळा शुद्धीवर असतो, छातीत दुखते म्हणून सांगतो, आणि त्याला लवकरात लवकर रुग्णालयात न्यायचे असते. हृदय बंद पडते तेव्हा माणूस कोसळतो, हाकेला ओ देत नाही, नीट श्वास घेत नाही. अनेकदा सुरुवातीला हृदय पूर्ण थांबलेले नसते. त्याचे खालचे कप्पे ताल सोडून नुसते थरथरत असतात आणि रक्त पुढे जात नाही. ही थरथर विजेच्या झटक्याने थांबते आणि हृदयाला आपला ताल पुन्हा धरण्याची संधी मिळते. छाती दाबण्याने, म्हणजे सीपीआरने, तोवर मेंदूला थोडेफार रक्त मिळत राहते.

सीपीआर मिळाला नाही तर झटक्याला होणाऱ्या उशिराच्या प्रत्येक मिनिटागणिक वाचण्याची शक्यता सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते. कोणी सतत छाती दाबत असेल तर हीच घट ३ ते ४ टक्क्यांवर येते. म्हणून ‘ॲम्ब्युलन्स दहा मिनिटांत येते’ हे वाक्य दिलासा देणारे वाटले, तरी या एका आजारात ते धोक्याचे आहे. शिवाय ती दहा मिनिटे फाटकापर्यंतची असतात, पंधराव्या मजल्यावरच्या बिछान्यापर्यंतची नव्हेत.

आता क्लबहाऊसमध्ये भिंतीवरच्या पेटीत ठेवलेल्या यंत्राचा हिशेब पाहू. रुग्ण सर्वांत लांबच्या इमारतीत १८व्या मजल्यावर आहे. घरातले एक माणूस छाती दाबते आहे, दुसरे यंत्र आणायला धावते. लिफ्टची वाट पाहण्यात ४० सेकंद, खाली यायला ४५, क्लबहाऊसपर्यंतचे १८० मीटर धावायला ७२, पेटी उघडून यंत्र काढायला १५, परत यायला ७२, पुन्हा लिफ्टसाठी ३०, वर जायला ४५, छाती उघडी करून पॅड, म्हणजे झटका पोचवणारे चिकट पट्टे, लावायला ४०. बेरीज ३५९ सेकंद, जवळजवळ ६ मिनिटे. आणि हा हिशेब रुग्ण कोसळल्याचे लगेच लक्षात आले, धावणारा तरुण आहे आणि पेटी कुठे आहे हे त्याला ठाऊक आहे, असे धरून केलेला.

यंत्र तेच, जागा तीच, पण घरातल्याने खाली न जाता सुरक्षा चौकीला फोन केला आणि रक्षक यंत्र घेऊन वर आला तर? फोन २०, पेटी १५, धाव ७२, लिफ्ट ३०, वर ४५, पॅड ४०. म्हणजे २२२ सेकंद. एकही पैसा न खर्चता सव्वादोन मिनिटे वाचली. आमच्या मते संपूर्ण प्रकरणातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच: यंत्र खालून वर आले पाहिजे, वरून कोणी ते आणायला खाली जायचे नाही. पेटी इमारतीच्या तळमजल्यावरच, लिफ्टजवळ असेल तर धाव जवळपास नाहीशी होते आणि वेळ अडीच मिनिटांच्या आसपास येतो.

उंचीचा मुद्दा कागदावरचा नाही. टोरांटो भागात २००७ ते २०१२ या काळात घरांत हृदय बंद पडल्याच्या घटनांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. तिसऱ्या मजल्याच्या खाली राहणाऱ्यांपैकी ४.२ टक्के वाचले, तिसऱ्या आणि त्यावरच्या मजल्यांवर २.६ टक्के. सोळाव्या मजल्याच्या वर २१६ जणांपैकी फक्त दोघे वाचले, आणि पंचविसाव्याच्या वर एकही नाही. समितीपुढे हा एकच अभ्यास नीट मांडला तरी ‘ॲम्ब्युलन्स येतेच की’ हा मुद्दा बाजूला पडतो.

अर्ज पुन्हा लिहिला तेव्हा

दुसऱ्या अर्जात यंत्राची मागणी पहिल्या ओळीत नव्हती. पहिली ओळ अशी: ‘संकुलातील कोणत्याही घरात, मैदानावर किंवा तलावाकाठी, दिवसा वा रात्री, चौकीला फोन झाल्यापासून तीन मिनिटांच्या आत एईडीचे पॅड रुग्णाच्या छातीवर लागले पाहिजेत.’ त्यामागोमाग नकाशा, वरचा सेकंदांचा तक्ता, आणि त्यातून निघालेली गरज: ३ यंत्रे. पहिल्या दोन इमारतींच्या मधल्या मार्गिकेत एक, पुढच्या दोन इमारतींच्या मधे दुसरे, पाचवी इमारत आणि क्लबहाऊस यांच्यामधल्या भिंतीवर तिसरे. जोडीतल्या दोन प्रवेशद्वारांत ४० मीटर अंतर. ते धावायला १६ सेकंद. एकूण १६६ सेकंद, म्हणजे तीन मिनिटांत बसते. प्रत्येक इमारतीला एक अशी पाच यंत्रे मागितली असती तर वाचणारे सेकंद थोडे आणि देखभाल दीडपटीहून जास्त. मागणी मोठी करून नंतर घासाघीस करण्यापेक्षा, हिशेबाने जेवढे निघते तेवढेच मागणे समितीला पटते.

खर्चाचा तक्ता खरेदीपुरता ठेवला नाही. एईडी साधारण ८ ते १० वर्षे टिकते. त्या काळात पॅड आणि बॅटरी बदलाव्या लागतात. पॅडवरचा चिकट जेल वाळतो, म्हणून न वापरताही त्यांची मुदत संपते, बहुतेक मॉडेलांत दोन ते पाच वर्षांत. बॅटरी नुसती वाट पाहत बसलेली असली तरी साधारण चार-पाच वर्षांनी बदलावी लागते. तक्त्यात आठ वर्षांचे पॅड, बॅटऱ्या, मोठ्यांच्या पॅडचा प्रत्येकी एक जादा संच, पेट्या, फलक आणि दर सहा महिन्यांचे प्रशिक्षण असे सगळे होते. हे आधी न सांगता यंत्र घेतले, की तिसऱ्या वर्षी पॅडसाठी तरतूद नसते आणि भिंतीवर एक निकामी पेटी लटकत राहते. अशा पेट्या फार आहेत. बाहेरून त्या चालू पेट्यांसारख्याच दिसतात, म्हणून त्या न बसवलेल्यांपेक्षाही घातक.

सभेतले आक्षेप

‘आपल्याकडे दोन डॉक्टर राहतात.’ डॉक्टर घरी असतील याचा भरवसा नाही, आणि असले तरी रिकाम्या हाताने त्यांनाही झटका देता येत नाही. शिकागोच्या विमानतळांवर चालत ६० ते ९० सेकंदांवर सापडतील अशी एईडी लावली होती. दोन वर्षांत तिथे १८ जणांच्या हृदयात ही थरथर आढळली. त्यांतल्या ११ जणांचे हृदय पुन्हा चालू करता आले. यंत्र हाताळणाऱ्यांत विमानतळावर ते काम नेमून न दिलेले कितीतरी जण होते. आवाजी सूचना ऐकून जमेल, अशाच बेताने हे यंत्र बनवलेले असते.

‘चुकून धडधाकट माणसाला झटका बसला तर?’ यंत्र आधी हृदयाचा ताल तपासते. झटक्याने सुधारणारा ताल दिसला तरच ते विद्युतभार साठवते. एरवी ‘झटक्याची गरज नाही’ असे सांगते आणि बटण दाबले तरी काही होत नाही. हृदय पूर्ण शांत झाले असेल तरीही ते झटका देत नाही, कारण तिथे छाती दाबण्यावरच भिस्त असते.

‘चोरी झाली तर?’ हा आक्षेप सगळ्यांत चिवट. सेक्रेटरींनी सुचवले, पेटीला कुलूप लावू, किल्ली कार्यालयात ठेवू. कार्यालय संध्याकाळी बंद होते. कोपनहेगनमधल्या २०१३ च्या अभ्यासात असे दिसले की संध्याकाळी, रात्री आणि सुटीच्या दिवशी सार्वजनिक जागी जवळच एईडी असूनही निम्म्याहून अधिक घटनांत ते हाती लागण्याजोगे नव्हते, कारण इमारतच बंद होती. तोडगा निघाला तो असा: कुलूप नाही, दार उघडताच मोठ्याने वाजणारा अलार्म, वर कॅमेरा आणि रात्रभर दिवा. आवाज ऐकून चौकीतला माणूस बाहेर येतो, आणि तोच मदतीला धावणारा पहिला माणूस ठरतो. चोरीसाठीचा उपाय असा मदतीच्याही कामी येतो.

कायदेशीर जबाबदारीचा प्रश्न मात्र घाईने उडवून लावू नये. अनोळखी माणसाला सद्हेतूने मदत करणाऱ्याला किती संरक्षण आहे, हे प्रत्येक देशाच्या कायद्यात वेगळे असते. स्थानिक वकिलाकडून अर्ध्या पानाचे लेखी मत घेऊन ते ठरावाला जोडावे, आणि विमा कंपनीला यंत्रांची लेखी सूचना द्यावी. तोंडी ‘काही होत नाही हो’ने कोणाचे समाधान होत नाही, व्हायलाही नको.

एका सदस्याचा प्रश्न सर्वांत अवघड होता: निवासी इमारतींत याचा उपयोग झाल्याचा पुरावा कुठे आहे? प्रश्न रास्त आहे. अमेरिकेतल्या कॅसिनोंमध्ये पहिला झटका कोसळल्यापासून तीन मिनिटांत मिळालेल्यांपैकी ७४ टक्के वाचले, उशिरा मिळालेल्यांपैकी ४९ टक्के. पण तिथे कॅमेऱ्यांची नजर आणि प्रशिक्षित रक्षक सतत हजर असतात. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत स्वयंसेवकांना केवळ सीपीआर शिकवलेल्या ठिकाणी १५ जण वाचले, सीपीआरसोबत एईडी दिलेल्या ठिकाणी ३०. मात्र निवासी इमारतींत वाचलेले फारच थोडे. घरात माणूस एकटा असतो, झोपेत कोसळतो, कोणी पाहत नाही. हे सभेत लपवू नये. उलट त्यातूनच पुढची मागणी पुढे येते: सुमारे ७० टक्के घटना घरातच घडतात, म्हणून यंत्राइतकाच जोर घरातल्या माणसाला ओळखायला, फोन करायला आणि छाती दाबायला शिकवण्यावर हवा. ठरावात प्रशिक्षणाचे कलम यंत्रांच्या वर घातले गेले, ते या प्रश्नामुळे.

यंत्र, पेटी, फलक

तिन्ही यंत्रे एकाच मॉडेलची घेतली, म्हणजे पॅड अदलाबदल करता येतात आणि रक्षकांना एकच रीत शिकावी लागते. आवाजी सूचना रहिवासी आणि कर्मचारी दोघांना कळणाऱ्या भाषेत. पॅडची वायर आधीच यंत्राला जोडलेली. रोज आपली आपण तपासणी करून हिरवा दिवा दाखवणारी. धूळ-पाण्यासाठी आयपी ५५ दर्जा, कारण मार्गिका अर्ध्या उघड्या होत्या. बहुतेक यंत्रे ० ते ५० अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची असतात; तिसऱ्या पेटीच्या भिंतीवर दुपारचे ऊन पडत होते, म्हणून ती शेजारच्या सावलीतल्या खांबावर हलवली. लहान मुलांसाठी वेगळे पॅड किंवा तशी कळ (८ वर्षांखालील किंवा २५ किलोंपेक्षा कमी वजनाच्या मुलांसाठी). ते नसतील तर मोठ्यांचेच पॅड, एक छातीवर आणि एक पाठीवर.

प्रत्येक पेटीत यंत्रासोबत: कपडे कापायची जाड कात्री, रेझर, टॉवेल, हातमोजे, श्वास देण्याचा मास्क, पॅडचा दुसरा संच आणि एक पातळ चादर. चादर कशाला, असे विचारले गेले. स्त्री कोसळली असेल तर भोवतालचे लोक छाती उघडी करायला कचरतात, आणि त्या संकोचात झटका लांबतो. दोघांनी चादर धरून आडोसा केला की हात थांबत नाहीत.

हिरव्या पार्श्वभूमीवर पांढरे हृदय आणि त्यात विजेची खूण, हे चिन्ह आंतरराष्ट्रीय आहे. कलात्मक बदल न करता तेच लावावे. भिंतीला चिकटलेला फलक चालत येणाऱ्याला दिसत नाही, बाहेर काढलेला दोन्ही बाजूंनी दिसतो. प्रत्येक लिफ्टमध्ये आणि प्रत्येक घराच्या इंटरकॉमवर एकच ओळ: चौकीचा क्रमांक.

प्रशिक्षणात अडलेले

सर्वांत जास्त वेळ एका गोष्टीवर द्यावा लागला. हृदय बंद पडल्यावर पहिली काही मिनिटे अनेकांचा श्वास पूर्ण थांबत नाही. तोंड उघडते, जबडा खाली ओढला जातो, घशातून घोरल्यासारखा एक आवाज येतो, आणि मग बराच वेळ काही नाही. पाण्याबाहेरच्या माशासारखी ही आचके देणारी हालचाल पाहून घरचे म्हणतात, ‘श्वास चालू आहे’, आणि थांबतात. नियम साधा: हाकेला प्रतिसाद नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, तर छाती दाबायला सुरुवात करा. शंका असली तरी सुरू करा. फोनचा स्पीकर चालू ठेवून आपत्कालीन सेवेशी बोलत राहा.

रुग्णाला पलंगावरून जमिनीवर घ्यावे. गादीवर दाब गादीत मुरतो. छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसाला ५ ते ६ सेंटिमीटर खोल. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी. थकलेला माणूस नकळत उथळ दाबू लागतो, म्हणून दर दोन मिनिटांनी बदली.

यंत्र आल्यावर छाती दाबणे थांबवायचे नाही. दुसऱ्याने पॅड लावायचे. एक उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली, दुसरा डाव्या काखेच्या खाली, बरगड्यांच्या बाजूवर. दुसरा पॅड बहुतेक जण फार पुढे, स्तनाजवळ लावतात. मग वीज हृदयाला टाळून जाण्याचा संभव असतो. घाम असेल तर पुसा, दाट केसांमुळे पॅड चिकटत नसेल तर रेझर फिरवा. त्वचेखाली पेसमेकरचा फुगवटा दिसला तर पॅड त्याच्यावर नको, बाजूला लावा. तलावाकाठी रुग्णाला साचलेल्या पाण्यातून बाजूला घेऊन छाती कोरडी करा. अंग ओले असले तरी चालते. यंत्र ताल तपासताना आणि झटका देताना कोणाचाही हात रुग्णाला लागता कामा नये. झटक्यानंतर नाडी शोधत बसू नका, लगेच पुन्हा दाबायला लागा. दोन मिनिटांनी यंत्र स्वतःच पुन्हा तपासेल. रुग्ण हालचाल करू लागला तरी पॅड काढायचे नाहीत आणि यंत्र बंद करायचे नाही.

रात्रीचा सराव

दिवसाचा सराव ठीक झाला. रात्री अडीच वाजता, कोणाला न सांगता, बाहुलीवर घेतलेल्या सरावात पाच मिनिटांहून जास्त लागली. कारणे अशी. बदली रक्षकाकडे लिफ्टचे ॲक्सेस कार्ड नव्हते; रात्री १० नंतर कार्डाशिवाय लिफ्ट वरच्या मजल्यांवर जात नव्हती. चौकीत एकच माणूस होता. तो यंत्र घेऊन गेला तेव्हा फाटक बंद राहिले, म्हणजे खरी ॲम्ब्युलन्स बाहेरच अडकली असती. पॅडमागची प्लास्टिकची पट्टी एका बाजूची काढली, दुसरीची तशीच. आणि फोन करणाऱ्याने इमारत सांगितली, मजला सांगितला नाही.

दुरुस्त्या त्याच आठवड्यात. प्रत्येक पेटीत यंत्राच्या हँडलला बांधलेले कार्ड, ज्याने सर्व मजले उघडतात. रात्रपाळीत दोन माणसे. एक यंत्र नेतो; दुसरा फाटक उघडतो, लिफ्ट तळमजल्यावर अडवून ठेवतो आणि ॲम्ब्युलन्स आली की वाट दाखवतो. चौकीच्या फोनशेजारी तीनच प्रश्नांची पाटी: इमारत? मजला? श्वास नेहमीसारखा आहे का? इंटरकॉमवरून फोन आला की घराचा क्रमांक पडद्यावर दिसेल अशी सोय नंतर केली. पुढच्या रात्रीच्या सरावात तीन मिनिटांच्या आत पॅड लागले.

सरावानंतर आणखी एक गोष्ट आढळली, ती नोंदवण्यासारखी आहे: दुसऱ्या पेटीतल्या यंत्राचा हिरवा दिवा गेला होता. कोणीतरी सरावासाठी प्रशिक्षण-पॅडऐवजी खरे पॅड फोडले आणि परत गुंडाळून ठेवले होते. तेव्हापासून प्रशिक्षणाचे साहित्य वेगळ्या, लाल पिशवीत, वेगळ्या कपाटात ठेवतात. रोज सकाळच्या पाळीतला रक्षक तिन्ही दिवे बघून वहीत खूण करतो. महिन्यातून एकदा व्यवस्थापक पॅड आणि बॅटरीची मुदत तपासतो, आणि मुदतीच्या तीन महिने आधी नवे मागवतो. यंत्र प्रत्यक्ष वापरले गेले तर त्यातली नोंद रुग्णालयाला द्यायची, पॅड बदलायचे, आणि तोवर पेटीवर ‘यंत्र नाही, जवळचे यंत्र अमुक ठिकाणी’ अशी पाटी लावायची.

तिन्ही जागा आपत्कालीन सेवेच्या नियंत्रण कक्षाला कळवल्या, सोबत ‘२४ तास उघडे’ अशी नोंद आणि चौकीचा क्रमांक. पेटी हलवली की ही नोंद बदलायची जबाबदारी व्यवस्थापकाची, असे ठरावातच लिहिले आहे. तिसरी पेटी खांबावर हलवली तेव्हा पहिल्यांदा ते कलम उपयोगी पडले.